कॅन्सरची औषधे चालू असताना कुत्र्याचा डोळा लाल झाला? या चुका टाळा

केमो चालू असलेल्या कुत्र्याचा डोळा लाल झाला की सगळे खापर केमोवर फुटते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने डोळे येऊ शकतात हे खरे, पण लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असेल तर तो आजार स्वतःच डोळ्याच्या आत सूज आणतो. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून अंदाजाने ड्रॉप्स घालू नयेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घरात उरलेले स्टेरॉइड ड्रॉप्स. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, जंतुसंसर्ग बळावतो, पडदा विरघळत जाऊन त्याला भोकही पडू शकते. वाईट हे, की सुरुवातीला लाली कमी होते आणि गुण आल्यासारखे वाटते. अँटिबायोटिक म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असते. घटकांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन आहे का ते वाचा. पशुवैद्य आधी फ्लुरेसिन हा रंग डोळ्यात टाकून पाहतात. जखम हिरवी चमकते. तोपर्यंत स्टेरॉइडचा थेंबही नको. मात्र पोटातून चालू असलेले प्रेडनिसोलोन स्वतःहून एकदम बंद करू नका.

चिकट, दोरीसारखी घाण सतत येते म्हणून अँटिबायोटिक बदलत राहणे ही दुसरी चूक. बरेचदा तिथे अश्रूच कमी पडलेले असतात. अश्रू मोजणाऱ्या शिर्मर चाचणीत कागदी पट्टी 1 मिनिटात 15 मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक. 10 च्या खाली कोरड्या डोळ्याचा संशय, 5 च्या खाली प्रकार गंभीर. चाचणीच्या आधी ड्रॉप्स घातले तर आकडा फसवा येतो. आणि सोबतची औषधे विसरू नका: संसर्ग टाळायला दिलेली सल्फायुक्त अँटिबायोटिक्स कुत्र्यांत अश्रू आटवतात, त्यामुळे दोषी कधी केमो नसून ती गोळी असते. कोरड्या डोळ्यावरचे सायक्लोस्पोरिन मलम परिणाम दाखवायला काही आठवडे घेते. आठवडाभरात फरक नाही म्हणून ते सोडणारे बरेच. केमो सुरू होण्यापूर्वीच एकदा शिर्मर करून ठेवली तर पुढे तुलना करता येते.

टोसेरॅनिब (कॅन्सरवरची एक गोळी) घेणारा कुत्रा अचानक भिंतीला धडकू लागला, बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर वय झाले म्हणून सोडू नका. या औषधाने रक्तदाब वाढतो, वरचा आकडा 180 च्या पुढे गेला तर डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका मोठा. डोळ्यात रक्त दिसले तर प्लेटलेट्सही तपासाव्या लागतात, विशेषतः केमोनंतर 7 ते 10 दिवसांत. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी दवाखाना.

ड्रॉप्स आणि मलम दोन्ही असतील तर आधी ड्रॉप्स, 5 ते 10 मिनिटांनी मलम. कुत्रा पंजाने डोळा चोळत असेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची संरक्षक कॉलर हवीच. केमोच्या डोसनंतर पहिले 2-3 दिवस डोळ्याची घाण पुसताना हातमोजे घाला.