युरोपच्या व्हिसाची फाईल गोव्यातून लावताना

शॅक (किनाऱ्यावरचं तात्पुरतं उपाहारगृह) किंवा होमस्टे चालवणारे आपले लोक मोकळे होतात ते पावसात. तेव्हा युरोप पाहायचा असेल तर मार्चमध्येच कागदांना हात घाला, कारण एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळताना नाकी नऊ येतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो.

ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज. लिस्बनला मामा राहतो म्हणून पोर्तुगालकडे अर्ज करायचा आणि आठवडाभर पॅरिसात काढायचा, असं जमत नाही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला हवा.

मुलगा आईवडिलांचा खर्च उचलणार असेल तर नात्याचा पुरावा लागतो आणि आमच्याकडे नावं तिथंच छळतात. जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘कामोतिं’, पासपोर्टवर ‘कामत’. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं शपथपत्र नोटरीकडून करून फाईलला लावा.

खरी मेख उत्पन्नाच्या कागदांत आहे. गोव्याच्या नागरी कायद्याखाली लग्न झालेल्या जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे दोघांत निम्मं-निम्मं धरतात. म्हणजे घरभाडं सगळं नवऱ्याच्या खात्यात जमा होतं आणि त्याच्या विवरणपत्रात दिसतं अर्धंच! गोव्याबाहेर बसून फाईल चाळणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही. नवरा एकटा जाणार असला तरी बायकोचंही विवरणपत्र आणि विवाहाचा दाखला जोडा, आणि कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा करा. कुळागराचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीचं, उत्पन्न तर शेतीचं म्हणून करमुक्तच. त्यासाठी फॉर्म एक-चौदाचा (गोव्यातल्या जमीन नोंदीचा) उतारा आणि सुपारी विकल्याच्या पावत्या लावा. आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून पैसे आणून खातं फुगवू नका. बँकेच्या गेल्या काही महिन्यांच्या उताऱ्यात ते लगेच दिसतं.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मं, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. म्हणून महागडं तिकीट आधी काढू नका, आरक्षण दाखवा. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात. पूर्वी दिले असतील तर अर्जात तसं लिहा.

गणेश चवथीला घरी पोचायचंच असतं, हे आपल्याला कळतं. व्हिसा देणाऱ्याला मात्र कामावर रुजू होण्याची तारीख लिहिलेलं रजेचं पत्र दाखवावं लागतं, आणि स्वतःचा धंदा असेल तर त्याचा परवाना.