झुंडबळींविषयीच्या नाटकांवर लघुप्रबंध करू इच्छिणाऱ्यांसाठी

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी आफ्रिकन-अमेरिकन लेखिकांची झुंडबळींविषयीची नाटके निवडली होती. हाच विषय घेऊ पाहणाऱ्यांनी सिद्धान्ताची पुस्तके काही काळ बाजूला ठेवून अँजेलिना वेल्ड ग्रिम्के यांच्या ‘रेचेल’पासून सुरुवात करावी, असे मला वाटते. कृष्णवर्णीयांना हिंस्र ठरवणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट १९१५ मध्ये अमेरिकेत गाजला आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नाट्यसमितीने हे नाटक वॉशिंग्टनमध्ये रंगमंचावर आणले.

नाटकात जमाव कोठेही दिसत नाही. दिसते ते उत्तरेकडील शहरातल्या एका सुशिक्षित कुटुंबाचे घर. वडील आणि सावत्र भाऊ यांना दक्षिणेत जमावाने मारल्याचे आई दहा वर्षांनी मुलांना सांगते. मुलांची विलक्षण ओढ असलेली रेचेल पुढे जिमी या अनाथ मुलाला सांभाळते; पण शाळेतून येताना इतर मुलांनी त्याला हिणवून दगड मारल्याचे कळताच ती भेट आलेल्या गुलाबकळ्या तोडून पायदळी तुडवते आणि आपण कधीही मूल जन्माला घालणार नाही अशी शपथ घेते. हा प्रसंग रंगसूचनांसह सावकाश वाचावा, कारण तिचा बहुतेक संताप संवादांपेक्षा हालचालींत आहे.

त्यानंतर जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांची ‘सेफ’ ही एकांकिका वाचावी. १८९३ च्या दक्षिणेत लायझा प्रसूत होत असताना बाहेर जमाव एका तरुणाला फरफटत नेतो आणि त्याने आईला मारलेली हाक तिच्या कानी पडते. झालेले मूल मुलगा आहे हे समजल्यावर ती स्वतःच्या हातांनी त्याचा गळा दाबते. यातील बोलीभाषा छापील पानावर अवघड वाटते, म्हणून ती मोठ्याने वाचावी. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

‘रेचेल’ स्वतःच्याच वंशाचा अंत सुचवते, हा त्या काळीही घेतला गेलेला आक्षेप तोंडी परीक्षेत हमखास निघतो. आपला रोख गोऱ्या स्त्रियांच्या मातृत्वभावनेला आवाहन करण्याकडे होता, हे ग्रिम्के यांचे स्पष्टीकरण तेव्हा जरूर मांडावे, मात्र ते पुरेसे आहे असे मानू नये. दलित साहित्याशी तुलना करण्याचा आग्रह मार्गदर्शकांकडून बहुधा होतोच. तो मोडू नये, परंतु त्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी किमान या दोन नाटकांचे विवेचन संहितेच्या आधारे पूर्ण लिहून काढावे.