जेम्सटाउनचा इतिहास शोधायचाय? एका हिवाळ्यापासून सुरुवात करा

जेम्सटाउनचा सगळा इतिहास एकदम हाती घेऊ नका. ही अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत: १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि मुलगे व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी उतरले. तिथपासून सरसकट वाचत सुटलं की महिनाभरात टिपणांचा ढीग साठतो आणि नेमकं काय शोधायचं होतं तेच विसरायला होतं. त्याऐवजी १६०९-१० चा उपासमारीचा हिवाळा घ्या. काळ थोडा, साक्षीदार मोजके, आणि पुरावा कागदावरही आहे, जमिनीखालीही.

आधी तक्ता आखा. पाच रकाने: काय म्हटलंय, कोण म्हणतोय, तो तेव्हा कुठे होता, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. ५०० माणसांतली जेमतेम ६० उरली, हा सगळीकडे फिरणारा आकडा वसाहतीचा आधीचा प्रमुख जॉन स्मिथ याच्या १६२४ च्या ग्रंथातला. पण बंदुकीच्या दारूने भाजल्यामुळे स्मिथ १६०९ च्या ऑक्टोबरातच इंग्लंडला परतला होता. म्हणजे त्याचं हे सगळं ऐकीव. जॉर्ज पर्सी त्या हिवाळ्यात वसाहतीचा प्रमुख होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. मात्र त्याचा वृत्तान्तही १६२५ च्या सुमाराचा, स्मिथला उत्तर म्हणून लिहिलेला, आणि छापून आला तो थेट १९२२ मध्ये. दोघांनाही आपापली अब्रू सांभाळायची होती, हे पाचव्या रकान्यात लिहून ठेवा.

आता ५०० वजा ६०, म्हणजे ४४० मेले, असं लिहायचा मोह होईल. तो आवरा. ५०० हा अख्ख्या वसाहतीचा आकडा, जेम्सटाउनच्या किल्ल्यातल्या माणसांचा नव्हे. पर्सीच्याच वृत्तान्तात पुढचं सापडतं: फ्रान्सिस वेस्ट सुमारे ३६ माणसं घेऊन धान्य आणायला गेला आणि जहाजासकट परस्पर इंग्लंडला निघून गेला. पॉइंट कम्फर्टच्या ठाण्यावरच्यांकडे तर खेकडे इतके होते की ते डुकरांना घालत होते. ही माणसं वेगळी काढल्याशिवाय मृतांचा आकडा मांडायचा नाही.

तारखांचा घोळ पहिल्याच दिवशी निस्तरा. इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या कॅलेंडरवर चालत होतं. नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं आणि सतराव्या शतकात तारीख आजच्या कॅलेंडरपेक्षा १० दिवस मागे असायची. कागदावर ‘फेब्रुवारी १६०९’ दिसलं तर तो आपला फेब्रुवारी १६१०. टिपणात १६०९/१० असं जोडसाल लिहा आणि मूळ तारीख कधीही पुसू नका. शिवकालाच्या अभ्यासकांना ही भानगड नवी नाही: सुरतेच्या पहिल्या लुटीबद्दल इंग्रज वखारवाल्यांची जानेवारी १६६४ ची पत्रं जुन्या हिशेबाने १६६३ ची ठरतात.

ही वसाहत उभारणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचे कागद किंग्सबरीबाईंनी संपादित केलेल्या चार खंडांत आहेत (१९०६ ते १९३५). पहिल्या दोन खंडांत कंपनीच्या सभांची इतिवृत्तं आहेत, पण ती १६१९ ते १६२४ ची. आपल्या हिवाळ्यासाठी ती उघडून उपयोग नाही. पत्रं आणि इतर कागद तिसऱ्या खंडापासून. जेम्स सिटी काउंटीची जुनी दप्तरं शोधण्यातही दिवस घालवू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून ती रिचमंडला हलवली आणि १८६५ च्या आगीत तिथेच जळाली.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत शोध घेताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. त्या काळचा लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात, आणि एकाच माणसाचं नाव एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. प्रत्येक नावाची चार-पाच रूपं लिहून ठेवा आणि सगळी टाकून बघा.

मग जमिनीकडे वळा. किल्ला नदीने गिळला असं बराच काळ मानलं जात होतं. १९९४ पासूनच्या उत्खननात त्याचा बहुतेक भाग जागेवर सापडला. २०१२ मध्ये एका तळघराच्या भरावात, खाल्लेल्या घोड्या-कुत्र्यांच्या हाडांसोबत, साधारण १४ वर्षांच्या मुलीची कवटी आणि नडगीचं हाड मिळालं, दोन्हींवर कापल्याच्या खुणा. माणसांनी प्रेतं खाल्ली, हे पर्सीचं म्हणणं त्यामुळे बळकट झालं. पण मुलगी कशाने मेली हे त्या खुणा सांगत नाहीत, आणि तिचं ‘जेन’ हे नाव संशोधकांनी ठेवलेलं आहे. टंचाईचा दोष निव्वळ आळशी वसाहतवाल्यांवर टाकणारी वाक्यं भेटतील, त्यांच्या शेजारी झाडांच्या खोडांतल्या वार्षिक वर्तुळांचा पुरावा ठेवा: १६०६ ते १६१२ हा त्या भागातला ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा पट्टा होता. तिथल्या मूळ रहिवासी पाऊहाटन लोकांकडेही इंग्रजांना द्यायला जादा मका कुठून असणार? त्यांची बाजू इंग्रजांच्याच कागदांतून काढावी लागते, म्हणून त्यांच्या तोंडची लांबलचक भाषणं शब्दशः धरू नयेत.

माणसं शोधायची असतील तर वसाहतीची १६२४/२५ ची खानेसुमारी उत्तम. त्यात घरागणिक नाव, वय, जहाज, आल्याचं साल, धान्य आणि हत्यारं दिली आहेत. पण सगळ्यांची नोंद सारखी नाही. कॅप्टन पीअर्सच्या घरातली नोंद एवढीच: ‘अँजेलो, निग्रो बाई, ट्रेझरर जहाजातून’. वय नाही, साल नाही. कोऱ्या जागा कोऱ्याच उतरवा.

भारताचा धागा शोधणाऱ्यांना १६३५ च्या एका जमीनपट्ट्यात ‘टोनी, ईस्ट इंडियन’ भेटतो. आणलेल्या दर माणसामागे ५० एकर मिळत, त्या हिशेबात त्याचं नाव आलंय. इथे दोन खड्डे आहेत. पट्ट्याची तारीख ही माणूस आल्याची तारीख नव्हे, तो कित्येक वर्षं आधी आलेला असू शकतो. आणि ‘ईस्ट इंडीज’ म्हणजे तेव्हा भारतापासून थेट जावा-सुमात्रापर्यंतचा मुलूख. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर थॉमस स्मिथ हाच १६१९ पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार होता, त्यामुळे दोन्ही कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून वाचणं योग्यच. पण तेवढ्यावरून टोनीचं गाव ठरवता येत नाही.