समुद्रपक्षी मोजताना या चुका टाळा (आणि आकडा अचानक पडला तर काय तपासायचं)

उत्तरेकडच्या समुद्रातल्या पक्ष्यांच्या बातम्या हल्ली आपल्याकडच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवरही फिरतात. अमुक बेटावर पक्षी निम्मे झाले, तमुक किनाऱ्यावर हजारो मरून पडले, आणि लगेच कोणीतरी तो आकडा उचलून पुढे ढकलतं. आकडा नेमका कशाचा आहे हे फार कमी जण विचारतात. जिवंत पक्षी मोजले, घरटी मोजली, की वाळूवरची प्रेतं मोजली? या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा, आणि समुद्र तापतोय अशा काळात ही गल्लत फार महागात पडते.

गिलेमॉट घ्या, अमेरिकेत यालाच कॉमन मर म्हणतात. काळा-पांढरा, उभा बसणारा पक्षी, घरटं बांधतच नाही, उघड्या कड्याच्या कपारीवर वर्षाला एकच अंडं आणि शेजाऱ्याला खेटून बसायचं. २०१४ ते २०१६ मध्ये ईशान्य पॅसिफिकचं पाणी जे तापलं, ज्याला ‘ब्लॉब’ हे नाव पडलं, त्यात या पक्ष्यांची अक्षरशः उपासमार झाली. २०१५ चा उन्हाळा ते २०१६ चा वसंत एवढ्या काळात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे ६२,००० गिलेमॉट मेलेले किंवा मरायला टेकलेले सापडले.

आता पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: ६२,००० सापडले म्हणजे ६२,००० मेले असं धरणं. समुद्रात मेलेला पक्षी बहुतेक वेळा किनाऱ्याला लागतच नाही, बुडतो, वारा उलटा असला तर आत वाहून जातो, आणि लागलाच तर कोल्हे, गरुड, गल (म्हणजे कुरव) त्याचा फडशा पाडतात, शिवाय अलास्काचा किनारा इतका लांब आणि निर्मनुष्य की बऱ्याच ठिकाणी बघायलाच कोणी नसतं. २०२० मध्ये अभ्यासकांनी हे सगळं धरून अंदाज दिला तो ५ लाख ते १२ लाखांचा. मग २०२४ मध्ये कॉलन्यांवरच्या, म्हणजे पक्षी विणीला एकत्र जमतात त्या वसाहतींवरच्या, गणनेचा हिशोब आला, अलास्कातल्या १३ कॉलन्या, २०१४ पर्यंतची सात वर्षं विरुद्ध २०१६ ते २०२२ ही सात वर्षं, आणि घट निघाली ५२ ते ७८ टक्के. म्हणजे सुमारे ४० लाख पक्षी, अलास्कातले जवळपास निम्मे. ६२ हजार कुठे आणि ४० लाख कुठे!

मग किनारे चालायचे की नाही? चालायचेच, पण शिस्तीत. तोच ठरलेला पट्टा, दर महिन्याला, आणि काही सापडलं नाही तरी शून्याची नोंद करायची. लोक प्रेतं दिसली की फोटो टाकतात आणि रिकाम्या फेऱ्या सांगत नाहीत, त्यामुळे नेहमीचं प्रमाण किती हेच कळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘कोस्ट’ या उपक्रमात स्वयंसेवक प्रत्येक प्रेताचा पंख, चोच आणि पाय मोजतात आणि त्याला रंगीत पट्ट्या बांधून ठेवतात म्हणजे पुढच्या फेरीत तोच पक्षी पुन्हा मोजला जात नाही. कोकणात पावसाळ्यात वादळानं मास्क्ड बूबी, सूटी टर्न किनाऱ्यावर येऊन पडतात, तिथेही हीच पद्धत चालेल, खरंच कोणीतरी करायला हवी.

दुसरी गडबड कड्यावरच्या काउंटची. एका दिवशी बोटीतून गेलो, कडा मोजला, परत आलो, झाली गणना. हे म्हणजे दुपारी बाराला एसटी स्टँडवर किती माणसं दिसली यावरून गावाची लोकसंख्या काढल्यासारखं. गिलेमॉटच्या जोडीतला एक जण बहुधा समुद्रात असतो, संख्या तासागणिक बदलते, धुकं, वारा, गरुडाची एक फेरी, सगळ्यांनी फरक पडतो. ब्रिटनमध्ये म्हणूनच ठरलेले प्लॉट, म्हणजे कड्याचे आखून घेतलेले तुकडे, जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात, वेगवेगळ्या दिवशी ५ ते १० वेळा मोजतात. आणि मासे कमी असतील त्या वर्षी दोघंही आईबाप लांब शिकारीला जातात, मग पक्षी तेवढेच असूनही कडा मोकळा दिसतो. म्हणजे समुद्राची हालत बिघडली की मोजमापच बिघडतं, हे ध्यानात ठेवा.

यातूनच पुढचा सगळ्यात अवघड प्रश्न येतो. रिकामी कपार म्हणजे पक्षी मेला, की यंदा वीण टाळून समुद्रातच राहिला? गिलेमॉट २५ वर्षांहून जास्त जगू शकतो, वाईट वर्षी अंडं न घालणं त्याला परवडतं. २०१५ ते २०१७ मध्ये अलास्कातल्या कितीतरी कॉलन्यांवर एकही पिल्लू जगलं नाही, पण तेवढ्यावरून कोणी निम्मे पक्षी गेले असं छातीठोक सांगू शकत नव्हतं. पुढची सगळी वर्षं लोक मोजत राहिले, पक्षी परत आलेच नाहीत, तेव्हा कुठे खात्री झाली. त्यात २०१४ च्या आधीची, काहीच विशेष न घडलेली वर्षं मोजलेली नसती तर तुलना कशाशी केली असती? निधी कापायचा झाला की पहिली गदा नेमकी अशाच शांत वर्षांवर येते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकक चुकवू नका. किटिवेक हा छोटा गल, त्याची घरटी मोजतात, गिलेमॉटचे पक्षी, आणि पफिन हा बिळात अंडं घालणारा समुद्रपक्षी, त्याची वापरातली बिळं. उतारावर उभे असलेले पफिन मोजून जोड्या सांगितल्या तर तो आकडा कशालाच जुळणार नाही. तसंच पिल्लं आणि प्रौढ यांचा हिशोब वेगळा ठेवा. नॉर्वेच्या र्‍योस्टला एकेकाळी दहा लाखांवर पफिन जोड्या होत्या, हेरिंगची पिल्लं कमी पडली त्या वर्षी पफिनची पिल्लंही बिळातच उपाशी मेली, पण प्रौढ दीर्घायुषी असल्यामुळे कॉलनी बरीच वर्षं भरलेली दिसत राहिली.

समजा तुमच्याकडे आकडा अचानक पडलाय. घाबरून निष्कर्ष काढायच्या आधी बघा: मोजणारा बदलला का, बोटीऐवजी ड्रोन आला का, प्लॉटची हद्द जुन्या फोटोशी जुळते का, अंडी घालायचा काळ पुढे-मागे सरकला आणि आपण मात्र त्याच तारखेला गेलो असं झालं का. शेजारच्या कॉलन्यांवर काय झालं तेही विचारा, सगळीकडे एकदम पडला असेल तर मोजणीची चूक असण्याची शक्यता कमी. पद्धत बदलायचीच असेल तर निदान दोन-तीन हंगाम जुनी आणि नवी दोन्ही चालवा, नाहीतर दोघांची सांगड लागत नाही. जहाजावरून मोजत असाल तर ३०० मीटरचा पट्टा धरा, उडणारे पक्षी सतत न मोजता ठरावीक अंतरानं एकदम मोजा, आणि जहाजामागे येणारे फुलमारसारखे समुद्रपक्षी वेगळे लिहा, ते तासभर तेच असतात.

‘हवामान बदलामुळे’ एवढंच लिहून थांबणं ही पण चूकच. ब्लॉबमध्ये कॅपेलिनसारखे छोटे मासे घटले, निकस झाले, आणि गरम पाण्यात कॉड-पोलॉकसारख्या मोठ्या माशांची भूक वाढली, तेही तेच छोटे मासे खाणारे. गिलेमॉटला रोज वजनाच्या निम्म्याहून जास्त मासे लागतात, तीन-पाच दिवस मिळाले नाहीत तर तो जातो. कारण शोधायचा उत्तम नमुना अलास्कातल्या मिडलटन बेटावर आहे, तिथल्या जुन्या रडार टॉवरवर किटिवेक घरटी करतात आणि अभ्यासक काही जोड्यांना आयते मासे घालतात, काहींना नाही. खायला घातलेल्यांची आणि बाकीच्यांची पिल्लं शेजारी शेजारी दिसतात, अन्नाचा परिणाम वेगळा काढता येतो.

शेवटचं, जुना बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतो तो जुना आकडा, तपासा. ब्रिटनची मोठी गणना २०१५ ते २०२१ ची आहे, बर्ड फ्लूचा मुख्य तडाखा तिच्यात आलेलाच नाही. त्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा मोजलं तर ग्रेट स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी तब्बल ७६ टक्क्यांनी कमी भरले. त्या गणनेतला स्कुआंचा आकडा कुठेही वापरलात तर शेजारी २०२३ चा आकडा लिहाच.