मेंदीचा छंद: सवडीने भिजवावी, सवडीने काढावी

छंद म्हणून मेंदी काढणाऱ्याजवळ एक गोष्ट अशी असते जी व्यावसायिकाला सहसा परवडत नाही, ती म्हणजे सवड. आपल्या सांगली-साताऱ्याकडे नागपंचमी जवळ आली की बांगड्यांच्या दुकानांत तयार कोनांचे ढीग लागतात. पण निव्वळ पाल्याची भिजवलेली मेंदी उन्हाळी हवेत बाहेर राहिली तर दोन-तीन दिवसांतच तिचा रंग उतरू लागतो. मग जो कोन महिनोन्‌महिने फळीवर पडून राहतो आणि तरीही तासाभरात गडद रंग देतो, त्यात पाल्याखेरीज आणखी काहीतरी घातलेले असते, हे उघड आहे. म्हणून या छंदाची सुरुवात नक्षीपासून न करता मेंदी स्वतः भिजवण्यापासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पूड घेताना ती केसांसाठीची नसावी. केसांची पूड जाडसर असते, तिच्यात कधी आवळा-शिकेकाई मिसळलेली असते आणि बारीक टोकाच्या कोनात ती हमखास अडकते. हातावर काढण्यासाठी वस्त्रगाळ, हिरवट आणि सुकलेल्या गवतासारखा वास येणारी ताजी पूड लागते. राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी यासाठी नावाजलेली असून तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दारच्या झाडाचा पाला वाटायचा असेल तर झाड आधी नीट ओळखावे, कारण बंगल्यांच्या कुंपणाला मेंदी म्हणून लावलेली झुडपे बऱ्याचदा दुरंता किंवा कोयनेल असतात आणि त्यांना हा रंग नसतो.

शंभर ग्रॅम पुडीला साधारण तीस ग्रॅम साखर आणि तीस मिलिलिटर नीलगिरीचे किंवा लव्हेंडरचे शुद्ध तेल हे प्रमाण सुरुवातीला चांगले. पूड काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घेऊन तीत साखर व तेल मिसळावे आणि लिंबाचा गाळलेला रस थोडा थोडा घालत गोळा घट्टसर ठेवावा. पाल्यातले लॉसोन हे रंगद्रव्य आम्लात हळूहळू सुटते आणि त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाला धरून बसते. रस एकदम ओतला तर गुठळ्या राहतात आणि त्या पुढे कोनात त्रास देतात. गोळ्याला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावून भांडे झाकावे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाच-सहा तासांत रंग सुटतो, तर साताऱ्याच्या थंडीत रात्रभर ठेवूनही सकाळी थोडी वाट पाहावी लागते. घड्याळापेक्षा हाताची खूण खरी: वरचा थर तपकिरी झाला, आत हिरवा राहिला आणि तळहातावर ठेवलेला ठिपका पाच मिनिटांनी पुसल्यावर केशरी डाग उमटला, की मेंदी तयार झाली. मग उरलेला रस घालून ती श्रीखंडाइतकी सैल करावी आणि नायलॉनच्या स्वच्छ मोज्यातून गाळावी.

साखरेच्या बाबतीत ऋतूकडे लक्ष ठेवावे लागते. साखर ओलावा धरून ठेवते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तिच्यामुळे मेंदी तडकून गळत नाही. पण श्रावणात, विशेषतः महाबळेश्वर-जावळीच्या दमट हवेत, तीच साखर हवेतले पाणी ओढते आणि काढलेल्या रेषा ओघळतात. तेव्हा पावसाळ्यात तिचे प्रमाण निम्म्यावर आणावे. उरलेले कोन डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवले की काही महिने चांगले राहतात.

हात बसवण्यासाठी नक्षीच्या कागदावर काच किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून त्यावर गिरवावे. पुसले की पुन्हा कोरे. कोनाचे टोक त्वचेवर घासू नये, ते किंचित वर धरून मेंदीची तार खाली पडू द्यावी आणि रेघ संपण्याच्या जरा आधीच अंगठ्याचा दाब सोडावा, म्हणजे शेवटी गोळा साचत नाही. सरळ रेघ, मग वेल, पाकळी, जाळी आणि कोयरी या क्रमाने सराव केला तर हात लवकर वळतो. नमुन्यांसाठी लांब जाण्याची गरज नाही: पैठणीच्या काठावरची असावली म्हणजे फुलवेल, पदरावरचा मोर आणि दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या यांतच वर्षभर पुरेल इतके काम आहे.

तळहात आणि तळपाय यांची त्वचा जाड असल्याने तिथे रंग सर्वांत गडद चढतो. मनगटाच्या वर तो फिकट होत जातो आणि दंडावर किंवा पाठीवर केशरी-तपकिरीच राहतो. त्यामुळे अंगावर काढताना नाजूक भरणीपेक्षा ठसठशीत, मोकळी नक्षी निवडावी, आणि त्वचा न ताणता माणूस सहज बसला असतानाच काढावी. सुकू लागल्यावर लिंबू-साखरेचे पाणी कापसाने टिपावे, मेंदी सहा ते आठ तास राहू द्यावी, मग कोरडीच खरवडावी आणि निदान बारा तास पाणी लागू देऊ नये. खरवडल्यावर दिसणारा केशरी रंग पाहून हिरमुसू नये. हवेशी संयोग होऊन तो दोन दिवसांत लालसर तपकिरी होतो.

काळ्या मेंदीला मात्र हात लावू नये. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते, त्याने फोड येतात आणि एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभर राहू शकते. शुद्ध मेंदीचीही आधी कोपराच्या आत ठिपक्याएवढी चाचणी घ्यावी. तान्ह्या मुलांना आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना मेंदी लावूच नये, कारण तिने रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नीलगिरी वगैरे तेलांशिवाय वेगळी मेंदी भिजवावी.

हात बसला की लग्नघरांतून बोलावणी येतात. नवरीची मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी आणि हळदीच्या अगोदर काढावी, कारण हळद-तेल लागलेल्या त्वचेवर रंग नीट चढत नाही. एका बैठकीत नवरी आणि फार तर दोन करवल्या एवढेच स्वीकारावे. बाकीच्या मावश्या-काकवांना आपण भिजवलेले कोन देऊन साधी वेल शिकवावी. कोणी पाकीट पुढे केले तर ते नम्रपणे परत करून पुढच्या खेपेसाठी पूड आणून द्यायला सांगावे, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखे होत नाही आणि आपल्यावरही कुणाच्या वेळापत्रकाचे ओझे पडत नाही.