या चुका टाळा: अनेकांसाठी घरी स्वयंपाक करताना काय बिघडते आणि ते कसे सावरावे

घरच्या चौघांचा स्वयंपाक ज्यांना डोळे मिटून जमतो, अशा अनुभवी माणसांचाही हात बारा-पंधरा जण जेवायला येणार म्हटले की चुकतो, आणि त्यामागे हलगर्जीपणा क्वचितच असतो. कृतीतले सगळे जिन्नस तिपटीने घेतले की पदार्थ आपोआप तिप्पट होईल, हा समज बहुतेक बिघाडांच्या मुळाशी असतो. जिन्नस तिप्पट करता येतात; शेगडीची आच, कढईचा तळ आणि वाफ बाहेर पडायची जागा मात्र होती तेवढीच राहते. एवढे ध्यानात घेतले, तर कांदा लाल का होत नाही इथपासून रात्रभर पातेल्यात राहिलेला रस्सा का नासला इथपर्यंत बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो.

कांदा परतूनही लाल होत नाही

मोठ्या स्वयंपाकात सर्वांत आधी बिघडते ते परतणे, आणि पुढच्या चवीचा पाया तिथेच घातला जात असल्याने त्याकडे बारकाईने पाहायला हवे. कांद्याच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणी असते. कढईत थोडाच कांदा असेल, तर ते पाणी सुटताक्षणी वाफ होऊन निघून जाते. कांदा काठोकाठ भरला, तर खालच्या थरातून निघालेली वाफ वरच्या थरात अडकते, तिचे पुन्हा पाणी होते आणि कांदा त्याच पाण्यात शिजू लागतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि कढईत पाणी आहे तोवर कांद्याचे तापमान त्यापलीकडे फारसे जात नाही. कांद्याला किंवा मांसाला खमंग तांबूस रंग देणारी रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कढईत पाणी साचलेले असताना ही क्रिया जवळजवळ सुरूच होत नाही, मग आपण कितीही वेळ ढवळत राहिलो तरी हाती येतो तो मऊ, फिकट आणि उग्र वासाचा कांदा.

हा बिघाड डोळ्यांआधी कानांना कळतो. नीट परतला जाणारा कांदा चुरचुरतो. पाण्यात शिजणारा कांदा रटरटतो आणि कढईच्या कडेला गढूळ रस दिसू लागतो. तसे झाले, तर झाकण असल्यास काढावे, अर्धा कांदा दुसऱ्या रुंद भांड्यात हलवावा, आच वाढवावी आणि सारखे ढवळणे थांबवून पाणी आटू द्यावे. आवाज पुन्हा चुरचुरीवर आला की आच कमी करावी, नाहीतर आता तोच कांदा झपाट्याने करपतो. सर्वांत निश्चिंत मार्ग म्हणजे आदल्या दिवशी दोन-तीन हप्त्यांत कांदा परतून, गार करून फ्रिजमध्ये ठेवणे. मांसाचे तुकडे, मशरूम, चौकोनी चिरलेले बटाटे यांनाही हाच नियम लागू होतो: पृष्ठभाग कोरडा करून, तुकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवून, थोडे-थोडे परतावे. तळणातही एकदम जास्त तुकडे सोडले की तेलाचे तापमान कोसळते आणि पदार्थ तेलकट होतो.

पाणी, मीठ आणि तिखट

शिजताना तांदूळ जे पाणी शोषतो, ते तांदळाच्या प्रमाणात वाढते. वाफ होऊन उडणारे पाणी मात्र भांड्याच्या तोंडाची रुंदी, झाकणाचा घट्टपणा आणि शिजण्याचा वेळ यांवर ठरते. म्हणून एका वाटीला दोन वाट्या पाणी घालणाऱ्याने पाच वाट्यांना दहा वाट्या घातल्या की भात हमखास गिचका होतो. आठ वाट्यांपासून सुरुवात करावी आणि कमी वाटल्यास उकळते पाणी वरून घालावे. भात ओलसर झालाच, तर त्यात डाव फिरवू नये. तो परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी. कच्चा राहिला असेल, तर गरम पाणी शिंपडून, झाकण लावून अगदी मंद आचेवर ठेवावा.

रस्सा आटवायचा असेल, तेव्हा मीठ सुरुवातीलाच पूर्ण घालणे ही दुसरी नेहमीची चूक आहे, कारण पाणी आटते आणि मीठ आहे तेवढेच राहते. निम्मे मीठ आधी घालावे आणि उरलेले दाटपणा हवा तसा आल्यावर चव पाहून घालावे. खारट झालेल्या रश्श्यात कच्चा बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, असे सर्रास सांगितले जाते; प्रत्यक्षात बटाटा खारट पाणी शोषतो आणि मागे उरलेल्या पाण्याचा खारटपणा जवळजवळ तसाच राहतो. उपाय एकच, तो म्हणजे पदार्थ वाढवणे: बिनमिठाची शिजवलेली डाळ, भाज्या किंवा पाणी घालून पुन्हा दाटपणा आणणे. थोड्याशा लिंबाने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, पण तो झाकणे आणि घालवणे यांत फरक आहे. तिखटाच्या बाबतीत पाणी फारसे उपयोगी पडत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे साय, लोणी, दही किंवा नारळाचे दूध यांनी तिखटपणा खरोखर बोथट होतो. दही घालताना आच मंद ठेवावी आणि त्यात आधी चमचाभर पीठ घोटून घ्यावे, म्हणजे ते फाटत नाही.

पदार्थ तळाला लागला, तर खरवडायचा मोह टाळावा. आच बंद करून वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढला, तर बहुतेक वेळा पदार्थ वाचतो. एकदा डाव तळापर्यंत फिरला की करपट वास सगळ्यात उतरतो आणि मग कोणताही मसाला तो झाकू शकत नाही.

शिजता शिजत नाही

कडधान्ये किंवा बटाटे तासभर उकळूनही टणक राहिले, तर आधी त्यांत टोमॅटो, लिंबू किंवा अन्य आंबट पदार्थ लवकर पडला का, ते पाहावे. पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहज विरघळत नाही, आणि क्षारयुक्त जड पाण्यातही तसेच होते. आंबट पदार्थ दाणा बोटांनी चेपला जाऊ लागल्यावरच घालावा. आंबट आधीच पडले असेल, तर चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. प्रेशर कुकर दोन-तृतीयांशापेक्षा, आणि फेस येणाऱ्या कडधान्यांसाठी किंवा तांदळासाठी अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये, कारण दाणे व फेस वाफेच्या वाटेत अडकू शकतात.

राजम्याबाबत मात्र सवलत घेऊ नये. कच्च्या राजम्यातील लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या आणि जुलाब होतात. किमान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळल्यावरच ते लेक्टिन नष्ट होते. निव्वळ मंद आचेवर, उकळी न येता शिजवलेला राजमा मऊ लागला तरी सुरक्षित असेलच असे नाही, म्हणून किमान १० मिनिटे, आणि मोठ्या भांड्यात अर्धा तास, पूर्ण उकळी द्यावी.

यजमान स्वयंपाकघरातच अडकतो

एकत्र जेवायला बोलावण्याचा हेतू सोबत बसण्याचा असतो, आणि पाहुणे ताटावर असताना घरातले एक माणूस शेगडीपुढे उभे राहावे, ही मला खारट रश्श्यापेक्षा मोठी चूक वाटते. ती पदार्थ निवडतानाच होते. ऐन वेळी तळावा, भाजावा किंवा घोटावा लागणारा पदार्थ जेवणात एकच असावा. बाकीचे आधी करून गरम करता येणारे, किंवा गारच वाढायचे असावेत. शेगडीच्या चुली मोजून त्यांवर पदार्थ बसवून पाहावेत, कारण चार चुलींवर सहा पदार्थ एकाच वेळी गरम होणार नाहीत, हे कागदावर लगेच दिसते. आयुष्यात प्रथमच करायची पाककृती त्या दिवसासाठी राखून ठेवू नये. गोठवलेले मांस असेल, तर ते ओट्यावर सोडून न देता फ्रिजमध्ये हळूहळू सुटू द्यावे. दोन-अडीच किलोच्या अखंड तुकड्याला सुमारे २४ तास लागतात, म्हणजे हा निर्णय सकाळी उठून घेता येत नाही. आणि कोणी मदत करू का असे विचारले, तर संकोचाने नकार देण्यापेक्षा एक नेमके काम सांगावे.

विचारायचे राहून गेले

कोण काय खात नाही, हे आमंत्रण देतानाच विचारावे, आणि त्यात आवड-नावड व अॅलर्जी यांत गल्लत करू नये. शेंगदाणे, बदाम, काजू, अक्रोड यांसारखा सुकामेवा, अंडी, दूध, गहू, सोयाबीन, तीळ, मासे आणि कोळंबीसारखे कवचधारी जीव यांची अॅलर्जी अधिक आढळते, आणि संवेदनशील व्यक्तीला अगदी अल्प अंशही जिवावर बेतू शकतो. पदार्थ निवडून वेगळा केला, पण डाव तोच राहिला, तर सगळी काळजी फुकट जाते. त्या व्यक्तीचा पदार्थ सर्वांत आधी, धुतलेल्या भांड्यात करावा, झाकून ठेवावा, त्याचा चमचा स्वतंत्र ठेवावा आणि वाढताना त्यात काय आहे ते न विचारता सांगावे. एखादा घटक पडला की नाही याची खात्री नसेल, तर बहुतेक नाही असे म्हणू नये. तो पदार्थ त्यांना देऊ नये.

जेवण झाल्यावरचे दोन तास

मोठ्या स्वयंपाकातली सर्वांत धोकादायक चूक गप्पा रंगलेल्या असताना, कोणाच्या लक्षात न येता घडते. दुप्पट रुंद आणि दुप्पट खोल पातेल्यात आठपट रस्सा मावतो, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग चारपटच असतो. म्हणून वरून गार वाटणाऱ्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या वाढीला मानवणारा पट्टा आहे. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरियस या जीवाणूंचे बीजाणू उकळीतूनही तगतात आणि अन्न कोमट झाले की वाढू लागतात. बॅसिलस सेरियस भातात सोडतो ते उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी चांगला उकळून घेतला, हा दिलासा खोटा आहे; तो टाकूनच द्यावा.

सगळे जेवण एकाच मोठ्या भांड्यात मांडून ठेवण्याऐवजी लहान भांडी भरून आणावीत आणि बाकीचे मंद आचेवर चांगले गरम ठेवावे. पाने उठली की उरलेले अन्न ५ सेंटीमीटरपेक्षा कमी खोलीच्या पसरट भांड्यांत विभागावे. घाई असेल, तर ती भांडी थंड पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळावे. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये जायला हवीत. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये, या समजापायी ते रात्रभर ओट्यावर राहते. पसरट भांड्यातले कोमट अन्न आत ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त भांडी एकमेकांना चिकटवून रचू नयेत. तीन ते चार दिवसांत ते संपवावे, लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत गरम करावे, आणि एकदा गरम केलेले पुन्हा फ्रिजमध्ये परत टाकू नये.

पाहुण्यांबरोबर डबा द्यायचा असेल, तर त्यांच्या प्रवासाचा वेळही याच दोन तासांत धरावा. घर लांब असेल, तर भातापेक्षा कोरडे, गोड किंवा भाजलेले पदार्थ द्यावेत, आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवून आत काय आहे, त्यात दाणे किंवा दूध आहे का आणि ते कधी शिजवले, हे लिहून द्यावे.