जॅझच्या साथीने मराठी रॅप : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी रॅप लिहिणाऱ्या तरुणांपैकी काहींना आता यंत्रावरच्या तयार बीटऐवजी सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि डबल बास (खर्जातले उभे मोठे तंतुवाद्य) यांची जॅझ वळणाची साथ हवीशी वाटू लागली आहे. ही ओढ योग्यच आहे, कारण जॅझ आणि हिप-हॉप ही दोन्ही संगीते अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातूनच उभी राहिली आणि त्यांचे नाते जुने आहे. मात्र अशा प्रयत्नांत एक दोष फार लवकर शिरतो : मागे जॅझ आपले वाजवत राहते, पुढे रॅपर आपले म्हणत राहतो आणि दोघे एकमेकांचे ऐकतच नाहीत.

या दोषाचे मूळ बहुधा पहिल्याच पायरीवर असते. इंटरनेटवरून एखादे भरगच्च जॅझ रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचे आणि त्यावर सोळा ओळी चढवायच्या, अशी पद्धत पडून गेली आहे; पण त्या रेकॉर्डिंगमध्ये एकलवादकाने सगळी जागा आधीच व्यापलेली असते, त्यामुळे शब्दांना उभे राहायला ठिकाण उरत नाही. १९९१ साली अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप समूहाने आपल्या दुसऱ्या अल्बमसाठी जॅझवादक रॉन कार्टर यांना डबल बास वाजवण्यास बोलावले आणि १९९३ साली रॅपर गुरू यांनी डोनाल्ड बर्ड, रॉय आयर्स अशा मुरलेल्या जॅझवादकांना आपल्या अल्बममध्ये घेतले, तेव्हा शब्द आणि सूर एकाच कामासाठी एकत्र आले होते. आपल्याकडे ख्यालाला हार्मोनियमची संगत करणारा वादक गायकाने श्वास घेतला की भरतो आणि बोल सुरू झाले की मागे सरतो. जॅझ-रॅपमध्ये फुंकून वाजवायच्या वाद्याने नेमके हेच करायचे असते. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत सोळा बार (एक बार म्हणजे चार मात्रा) सुमारे ४३ सेकंदांत संपतात. एवढ्या अवधीत सॅक्सोफोनने पहिले आठ बार गप्प राहावे आणि पुढे प्रत्येक चौथ्या बारच्या उत्तरार्धात एक छोटे उत्तर द्यावे, इतके पुरेसे असते. रॅपरनेही ती अर्धी जागा मोकळी सोडायची असते, आणि हेच बहुतेकांना जड जाते.

दुसरी अडचण लयीची आहे. भजनी ठेक्यात वाढलेला हात समेवर जोर देतो, तर हिप-हॉपमध्ये स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. रॅपरने सराव करताना टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच द्यावी, म्हणजे ओळ हळूहळू आपोआप सैल होते. शिवाय जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. ड्रम मशीनवर स्विंग, म्हणजे या झोक्याचे प्रमाण, ५० टक्के ठेवला तर दोन्ही भाग समान होतात आणि सुमारे ६६ टक्क्यांवर पूर्ण तिगुणी झोका येतो. रॅपसाठी मला ५४ ते ५८ टक्क्यांच्या आसपासचा झोका सर्वात बोलका वाटतो. ड्रम झुलत आहेत आणि शब्द पट्टीने आखल्यासारखे सरळ पडत आहेत, असे झाले की श्रोत्याला काहीतरी खटकते, पण काय खटकले ते त्याला सांगता येत नाही.

कीबोर्डवादकाची नेहमीची चूक म्हणजे दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, वाजवणे. जॅझमधील सर्वात प्रचलित कॉर्डक्रम सरगमीत मांडला तर पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म आणि तिसरी सा-ग-प-नि अशी येते. यातील मूळ स्वर बासकडे सोपवून कीबोर्डने पहिल्या कॉर्डचे फक्त म आणि सा वाजवावेत. दुसऱ्या कॉर्डला म तसाच राहतो आणि सा उतरून नि होतो. तिसऱ्या कॉर्डला नि तसाच राहतो आणि म उतरून ग होतो. दर वेळी एकच बोट एका स्वराने हलते आणि तरीही सगळा रंग शाबूत राहतो. हे एकदा हार्मोनियमवर हळू वाजवून पाहावेच.

वादक शोधताना दूर जाण्याचे कारण नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे लष्करी बँडची परंपरा शहराला परकी नाही, आणि लग्नाच्या बँडपथकांतही ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजवणारे तयार हात सापडतात. मात्र या वाद्यांची पट्टी वेगळी असते हे विसरल्यास पहिल्याच सरावाला गोंधळ उडतो. अल्टो सॅक्सोफोनवादकाने त्याच्या हिशेबाचा सी वाजवला की हार्मोनियमवर काळी दोनचा स्वर ऐकू येतो, तर नेहमीच्या ट्रम्पेटचा आणि टेनर सॅक्सोफोनचा सी म्हणजे काळी पाच. म्हणून सरावाच्या आधीच पट्टी काळी-पांढरीच्या भाषेत ठरवून घ्यावी.

शब्दांबाबत माझे मत ठाम आहे. मुंबईच्या रॅपची बोली उसनी आणू नये. ‘काय करायलास’ म्हणताना शेवटचे अक्षर आपसूक लांबते आणि चौथ्या मात्रेवर छान विसावते. कानडीच्या शेजाराने आलेली ही हेलकाव्याची चाल झोक्याच्या लयीला मानवते. प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘नाही’वर संपवून यमक जुळवण्याची सवय मात्र सोडावी, कारण मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने असे यमक फुकट मिळते आणि लगेच कंटाळवाणे होते. यमक ओळीच्या पोटात लपवावे.

घरी रेकॉर्ड करताना शब्द सतत मागे पडत असतील तर आधी हेडफोन तपासावा. ब्लूटूथवर आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि ९० च्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा सुमारे १६७ मिलिसेकंदांचाच असतो; तारेचा हेडफोन लावताच अर्धे दुखणे थांबते. बासमध्ये घुमघुम येत असेल तर ती बऱ्याचदा विजेच्या ५० हर्ट्झची असते आणि ती बासच्या खालच्या जी स्वराच्या अगदी शेजारी बसते. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे; प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कधीही करू नये.

जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचाच असेल, तर मूळ रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क असतात, त्यामुळे परवानगीही दोन्हींची लागते. त्यापेक्षा बँडपथकातील एखाद्या काकांकडून चार बारांची नवी धून वाजवून घेणे कधीही चांगले. त्यांचा मोबदला आणि गाण्यावर त्यांचे नाव कसे येणार, हे रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वीच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.